शिस्तीत बोलणारा

दिवे गेले तेव्हा गच्चीवर चौघंच उरले होते. शेफाली, तिचा नवरा साईनाथ, साईनाथची धाकटी बहीण संस्कृती आणि कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत सर्जेराव काका. बाकीची मंडळी जेवून खाली गेली होती. कोथरूडचा तेवढा भाग काळा झाला आणि पाषाणकडच्या उजेडावर वेताळ टेकडीची पाठ उमटली. इतका वेळ ती कुणाच्या लक्षातही आली नव्हती.

"उद्या रात्री आपण तिथे असू," शेफाली म्हणाली. "वर काय तारे दिसतात!"

"जा की," काका म्हणाले. "तारे खालूनही दिसतात, पण फुकटचं तुम्हाला पटत नाही."

"काका, घाबरवणार आहात का आम्हाला?" संस्कृतीने विचारलं.

"छे. घाबरायला तुम्हाला सवड कुठे असते? एक घडलेली गोष्ट सांगतो, आमच्या बद्रीनाथची. त्याने ती आयुष्यात एकदाच सांगितली, हॉस्पिटलच्या पायरीवर बसून, मला. ऐका आणि मग खुशाल जा. ते मोबाइल तेवढे उलटे ठेवा. उजेड डोळ्यांवर येतो."

मोबाइल उलटे झाले. काकांनी शाल कानांवरून घेतली आणि एखाद्याला पत्ता सांगावा तितक्या शांतपणे सांगायला सुरुवात केली.

*

बद्रीनाथ मूळचा परभणीकडचा. टेलिफोन खात्यात लागून पुण्याला आला आणि इथलाच झाला. मागच्या गल्लीत त्याचं दुमजली घर, घरावर उंच लोखंडी खांब आणि खांबावर अँटेना. शेजारी म्हणायचे, एवढा मोठा खांब लावूनही यांच्या टीव्हीला मुंग्याच दिसतात.

टीव्ही त्याला बघायचाच नव्हता. तो हौशी रेडिओवाला. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा आणि आपल्या सेटवरून दुसऱ्या परवानेवाल्याशी बोलायचं. मीही त्याच क्लबातला, पण मी आपला रविवारपुरता. बद्रीनाथचं ते व्रत होतं.

"पण काका, मोबाइल असताना हे कशाला?" साईनाथ म्हणाला.

मोबाइल म्हणजे तरी काय रे? रेडिओच. फक्त तुझा आवाज चौकातल्या टॉवरपर्यंत हवेतून जातो आणि पुढे तारेने. टॉवर बंद पडला की तुझ्या हातात उरतो तो आरसा. आमच्या हातातला सेट मधे कुणाला घेत नाही. थेट बोलतो. त्याच्या लहरी उजेडासारख्या सरळ जातात. डोंगर आडवा आला की पलीकडे सावली पडते, तिथे काही ऐकू येत नाही. आणि मधे माणूस आला तरी त्या थोड्या अडतात, कारण माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी. फोनवर दोघं एकाच वेळी बोलू शकतात, आमच्याकडे नाही. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. बोलणाऱ्याला ऐकू येत नाही. म्हणून 'ओव्हर' म्हणायचं. माझं झालं, आता तू.

आणि सगळ्यात आधी सांगायचं कॉलसाइन. परवान्यावरची अक्षरं, तीच हवेतली ओळख. आपसात आम्ही शेवटची दोनच म्हणायचो. बद्रीनाथ होता 'किलो टँगो', म्हणजे के टी. त्याचा एकुलता एक मुलगा सुदर्शन, तो 'झुलू क्वेबेक'. आपलं कॉलसाइन न सांगता कुणी बोललं की बद्रीनाथ उत्तरच द्यायचा नाही. हवेत नाती नसतात, म्हणायचा. हवेत सगळे सारखे.

एकदा, सुदर्शन कॉलेजात असेल, खालच्या सेटवरून म्हणाला, "बाबा, जेवायला या." वरून उत्तर आलं, "कॉलसाइन सांगा. ओव्हर." आम्ही सगळे त्याच चॅनेलवर ऐकत होतो. मग मुक्ताईवहिनींचा आवाज आला. रोजची कटकट नको म्हणून त्या माउलीनेही परीक्षा देऊन परवाना काढला होता. म्हणाल्या, "कॉलसाइन गेलं चुलीत. आमटी गार होतेय."

गच्चीवर हसू फुटलं. काका मात्र हसले नाहीत.

आमच्या क्लबात एक खेळ असतो. कोल्ह्याची शिकार. एक जण रानात कुठेतरी छोटा ट्रान्समीटर लपवतो, तो कोल्हा. तो टुकटुक करत राहतो, बाकीच्यांनी आपापल्या सेटवर दिशा काढत त्याला शोधायचं. यात बद्रीनाथचा एक नियम होता. कोल्हा लपवणाऱ्याने मोबाइल बरोबर न्यायचा नाही, गाडीतच ठेवायचा. नाहीतर मित्र लाडीगोडी लावून जागा काढून घेतात. नियम रास्त होता. त्याआधीच्या वर्षी तसं झालंही होतं.

शनिवार होता. चार डिसेंबर, दोन हजार एकवीस. कार्तिक अमावास्या. दोन दिवसांपूर्वी अवकाळी पाऊस झोडपून गेला होता आणि गारठा पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शिकार होती, कोल्हा लपवायची पाळी सुदर्शनची. हिंजवडीतल्या कंपनीचं काम तेव्हा घरूनच चालायचं. संध्याकाळी लॅपटॉप मिटून तो उठला, कोल्हा आणि हातातला सेट सॅकमध्ये टाकला आणि आईला म्हणाला, "तासाभरात येतो. थालीपीठ लावून ठेव."

आठ वाजले, आला नाही. नऊ वाजले. फोन वाजत होता, उचलत नव्हता. पण फोन गाडीत असणारच होता, नियमच तसा. बद्रीनाथने घरच्या सेटवरून हाका मारल्या. झुलू क्वेबेक, झुलू क्वेबेक. खरखर.

"चिखल आहे हो सगळीकडे वर," वहिनी म्हणाल्या.

"टेकडीच्या पलीकडच्या अंगाला असेल, सावलीत. म्हणून ऐकू येत नाही. मी बघून येतो."

त्याने स्वेटर घातला, बॅटरी आणि हातातला सेट घेतला. वहिनी वरच्या खोलीत मोठ्या सेटपुढे बसल्या. पौड रोडकडून टेकडीवर वाट चढते, तिच्या तोंडाशी सुदर्शनची स्कूटर उभी होती. बद्रीनाथने सहज म्हणून फोन लावला. सीटखालच्या डिकीत रिंग वाजायला लागली. पूर्ण वाजली आणि थांबली. 

तो चढायला लागला. वाटेवर गिरिपुष्पाची झाडं. माती अजून ओली, पाय सरकत होता. हाका मारून झाल्या, सेटवर मारून झाल्या. वर वेताळाच्या देवळापाशी पोचला तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. छाती भात्यासारखी चालली होती. खाली चहूकडे पुणं लखलखत होतं आणि वर एक माणूस नव्हता. त्याने पुन्हा बटण दाबलं.

"झुलू क्वेबेकसाठी किलो टँगो. ओव्हर."

आणि उत्तर आलं. स्वच्छ. शेजारच्या खोलीतून बोलावं तसं.

"किलो टँगोसाठी झुलू क्वेबेक. ओव्हर."

बद्रीनाथ मट्कन खाली बसला. मला म्हणाला, सर्जेराव, त्या क्षणी मी त्या देवळापुढे नाक घासायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

"कुठे आहेस? पडलास का? पाय मुरगळलाय का? ओव्हर."

"पाय मुरगळलाय. ओव्हर."

"पाषाणच्या बाजूला आहेस का? ओव्हर."

"पाषाणच्या बाजूला आहे. ओव्हर."

"बाकी ठीक ना? चालता येईल? ओव्हर."

"बाकी ठीक. ओव्हर."

आवाज सुदर्शनचाच होता. रडणं नाही, घाई नाही, प्रत्येक वाक्याशेवटी ओव्हर. बद्रीनाथला, सांगायला हरकत नाही, अभिमान वाटला. म्हणाला, पोरगं अडचणीत आहे, पण शिस्त सोडत नाही.

मग त्याने घरी सांगितलं, "बोलणं झालं. पाय मुरगळलाय. मी घेऊन येतो. कुणाला उठवू नको. ओव्हर."

वहिनींनी तोवर माझा नंबर काढून ठेवला होता, अग्निशमन दलाचाही. त्या म्हणाल्या, "अहो, मला त्याचा आवाज नाही आला. मला फक्त तुमचाच येतोय. ओव्हर."

"तो उताराखाली आहे. तुझ्यापर्यंत पोचत नाही. सावली आहे. ओव्हर."

ते शास्त्राला धरूनच होतं. वहिनींनी हातातला फोन खाली ठेवला.

बद्रीनाथ पाषाणच्या अंगाने उतरायला लागला. आवाज वाट दाखवत होता. "पुढे या. ओव्हर." थोडं थांबून पुन्हा, "पुढे या. ओव्हर." एक लोखंडी फाटक लागलं. ते ओलांडून तो खाली गेला, वळला, पुन्हा चढला. पुन्हा फाटक लागलं. टेकडीवर फाटकं पुष्कळ आहेत, म्हणून त्याने मनावर घेतलं नाही.

मधेच कधीतरी, दोन 'ओव्हर'च्या मधल्या खरखरीत, काहीतरी यायचं. अगदी बारीक.

"…बा…"

आणि लगेच त्यावर तो स्वच्छ आवाज चढायचा. "पुढे या. ओव्हर."

"म्हणजे दोघं एकदम बोलत होते?" साईनाथने हळूच विचारलं.

हो. आणि आमच्या सेटचा स्वभाव असा आहे बाबा, की एकाच चॅनेलवर दोघं बोलले तर दोन्ही आवाज मिसळून येत नाहीत. ज्याची लहर जोरकस तोच ऐकू येतो. दुसरा पुसलाच जातो. तो कितीही ओरडो.

बद्रीनाथला वाटलं, एखादं पोर चिनी वॉकीटॉकी घेऊन खेळतंय. परवाना नाही, कॉलसाइन नाही, नुसतं बा-बा-बा. आधीच जीव टांगणीला लागलेला. त्याने बटण दाबलं आणि खडसावलं, "कोण आहे? कॉलसाइन नसताना बोलू नका. इथे अडचणीचं काम चाललंय. चॅनेल मोकळं ठेवा. ओव्हर."

बारीक आवाज थांबला.

…थांबला बरं का. पुढे कितीतरी वेळ आलाच नाही.

काकांनी शाल पुन्हा कानांवर ओढली. खाली रस्त्यावरून एक रिक्षा गेली. तिचा आवाज पार चौकापलीकडे विरला. मग शेफाली म्हणाली, "काका…"

सांगतो.

फाटक तिसऱ्यांदा आलं. या वेळी बॅटरीच्या उजेडात चिखलात बुटांचे ठसे दिसले. त्याचेच. जाणारे आणि पुन्हा जाणारे. येणारा एकही नाही. आपल्याकडे याला चकवा म्हणतात. बद्रीनाथ असलं काही मानणारा नव्हता. त्याने घड्याळ पाहिलं. देवळापासून निघून दीड तास होत आला होता. मुरगळलेल्या पायाचं पोर एवढं लांब कसं असेल, हा साधा हिशेब त्याला तेव्हा सुचला. म्हणाला, सुचायला नको होता असं वाटत होतं, म्हणून सुचला नव्हता.

"पुढे या. ओव्हर."

तो पुढे गेला. काय करणार? बाप होता. झाडं संपली. गार वारा एकदम खालून वर आला. पाय टाकला आणि बुटाच्या टोकाखालचा दगड निसटला.

त्याने पडल्याचा आवाज ऐकायला कान दिला.

आवाज आला… खूप वेळाने. पाण्यात.

जुनी खाण. दगड काढून काढून पोखरलेली, तळाशी पाणी साठलेली. तो तिच्या काठावर उभा होता. एक पाऊल, बस.

"पुढे या. ओव्हर."

त्याने पाय मागे घेतला. बटण दाबलं.

"झुलू क्वेबेक. समोर खाण आहे. तू कुठे आहेस? ओव्हर."

"समोर आहे. ओव्हर."

आता मात्र त्याला ते ऐकू आलं. म्हणजे इतका वेळ जे ऐकू आलं नव्हतं ते. देवळापासून इथवर या आवाजाने एकही गोष्ट स्वतःहून सांगितली नव्हती. पाय मुरगळल्याचं बद्रीनाथने आधी म्हटलं. पाषाण त्यानेच म्हटलं. आवाजाने फक्त ते परत दिलं होतं. स्वतःचं असं त्याचं एकच. पुढे या.

"तू निघताना आईला काय सांगितलंस, ते सांग. तुझ्यासाठी काय लावून ठेवायचं होतं? ओव्हर."

खरखर नव्हती. समोरच्याने बटण दाबून धरलं असलं की सेट असा गप्प होतो. कुणीतरी बटण दाबून होतं. बोलत नव्हतं.

मग शिस्तीत उत्तर आलं.

"पुन्हा सांगा. ओव्हर."

"सुदर्शन, तुझ्या आईचं नाव सांग. ओव्हर."

"पुन्हा सांगा. ओव्हर."

"तुझ्या आईचं नाव!"

"पुन्हा सांगा. ओव्हर."

तसाच आवाज. सुदर्शनचाच. न चिडता, न दमता.

बद्रीनाथच्या जागी मी असतो तर पळत सुटलो असतो, आणि पळालो असतो ते सरळ खाणीत. तो पळाला नाही. पोरगं वर कुठेतरी आहे आणि आपण दीड तास भलत्याच्या मागे फिरलो, हे त्याच्या डोक्यात शिरलं. मग त्याने जे करायला हवं होतं ते केलं. जे त्याने आम्हा सगळ्यांना शिकवलं होतं ते.

शिकारीत कोल्हा जवळ आला की मोठी अँटेना निकामी ठरते, चहूकडून सारखाच आवाज येतो. अशा वेळी सेट छातीशी घट्ट कवटाळायचा आणि जागच्या जागी हळूहळू वळायचं. मघाशी सांगितलं ना, अंगात पाणी असतं, लहर अडते. जिकडे तोंड केल्यावर आवाज सगळ्यात मंद होतो, त्याच्या बरोबर उलट दिशेला कोल्हा. म्हणजे तुमच्या पाठीमागे.

त्याने बॅटरी विझवली. सेट दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"किलो टँगो. किलो टँगो." आवाज मंद झाला.

म्हणजे पाठीमागे. पाठ खाणीकडे नव्हती, झाडांकडे होती.

तो पावलाएवढा वळला. आवाज वाढायला हवा होता.

मंदच.

आणखी वळला. मंद.

झाडांकडे तोंड केलं. मंद. आता पाठीमागे खाण होती. नुसती पोकळी. तिथे उभं राहायला जागाच नाही.

…मंदच.

तो पूर्ण फिरला. जिकडे तोंड करावं तिकडे ते पाठीमागे. प्रत्येक वेळी. बरोबर पाठीमागे.

त्याने वळून पाहिलं नाही. मी विचारलं, का नाही रे? तर म्हणाला, बघून काय झालं असतं? ते पुन्हा पाठीमागेच असतं.

आणि मग तसाच उभा असताना त्याला कळलं. तो जोरकस आवाज त्याच्याच अंगाने अडला होता. अर्ध्याने कमी झाला होता. आणि त्याच्याखालून दुसरं काहीतरी वर यायला लागलं होतं. इतकं बारीक, की श्वास धरल्याशिवाय ऐकू येत नव्हतं.

"…बाबा…"

कॉलसाइन नाही. ओव्हर नाही.

"…बाबा…"

तो वळला तसा हा आवाज मात्र कमीजास्त झाला. एकीकडे गेला, दुसरीकडे आला. खरा आवाज असाच वागतो. त्याला जागा असते. ती निघाली देवळाच्या बाजूच्या काठाला.

बद्रीनाथने सेट तोंडाशी नेला. हे मला वहिनींनीही सांगितलं. म्हणाल्या, तेवीस वर्षांत पहिल्यांदा ह्यांनी सेटवर कॉलसाइन घेतलं नाही. नुसतं म्हणाले, "मुक्ता… सगळ्यांना उठव. खाण. देवळाच्या बाजूचा काठ. लवकर गं."

मग तो चालायला लागला. अंधारात, काठाकाठाने, सेट छातीशी कवटाळून. जरा सेट अंगापासून सुटला की तो दुसरा चढायचा. पुन्हा कवटाळला की दबायचा. म्हणजे स्वतःच्या पाठीची भिंत करून तो चालला होता, आणि भिंतीच्या पलीकडे ते.

"किलो टँगो. मागे या. ओव्हर."

चालत राहिला.

"बाबा. मागे या. ओव्हर."

त्या मागच्या आवाजाने तोवर बाबा म्हटलं नव्हतं. आता शिकला होता.

चालत राहिला. "बाबा…" समोरून, बारीक. "बाबा. ओव्हर." मागून. जवळून. इतक्या जवळून, की आता ते सेटमधून येतंय की…

काकांनी वाक्य सोडून दिलं.

संस्कृती शेफालीला चिकटून बसली होती. कुणी तिला हसलं नाही.

सुदर्शन खाणीच्या काठाखाली पुरुषभर खोल कपारीत होता. कोल्हा लपवायला उतरला होता, पावसाने सैल झालेला दगड सरकला आणि डाव्या पायावर बसला. साडेसहाच्या सुमाराला. तेव्हापासून तो तिथेच. सेटची बॅटरी संपत आलेली, ओठ निळे पडलेले. बद्रीनाथ घसरत खाली गेला आणि पोराचं डोकं मांडीवर घेतलं. दगड त्याच्याने हलला नाही. त्याने खूप जोर लावला. मी पोचलो तेव्हा त्याच्या हातांची सालं निघाली होती. अग्निशमनवाले दोर घेऊन आले, त्यांनी पोराला वर काढलं तेव्हा दीड वाजून गेला होता.

पोरगं वाचलं. पाय नाही वाचला. गुडघ्याखाली काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, रक्त अडल्यावर साधारण सहा तास हातात असतात. थोडं आधी आणलं असतं तर प्रयत्न करता आला असता. किती आधी, हे बद्रीनाथने विचारलं नाही. मीही विचारू दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सुदर्शन नीट बोलायला लागला. आम्ही तिघं कॉटपाशी. त्याने बापाकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही कुणाशी बोलत होतात?"

बद्रीनाथ त्याचं पांघरूण सारखं करायला लागला.

"मला तुमचं सगळं ऐकू येत होतं. तुम्ही झुलू क्वेबेक म्हणायचात आणि मी उत्तर द्यायचो. आधी नीट दिलं बाबा, कॉलसाइन घेऊन. पण तुम्ही दुसरंच काहीतरी बोलायचात. मी म्हणायचो खाणीत आहे, तुम्ही म्हणायचात पाषाण. मी म्हणायचो पाय चिरडलाय, तुम्ही म्हणायचात मुरगळलाय. मधे कुणाचाच आवाज नव्हता. नुसती खरखर, आणि तुम्ही त्या खरखरीला म्हणायचात, येतो हं बाळा. मी ओरडत होतो, तो मी नाही, तो मी नाही. मग नियम बियम काही जमेना. नुसतं बाबाच यायला लागलं तोंडातून. आणि तुम्ही म्हणालात, चॅनेल मोकळं ठेवा."

मुक्ताईवहिनी खोलीबाहेर गेल्या.

"म्हणून मी थोडा वेळ गप्प बसलो," सुदर्शन म्हणाला. "तुम्ही सांगितलंत म्हणून."

त्यानंतर बद्रीनाथने बटण दाबलेलं मला माहीत नाही. सेट चालू ठेवतो. रात्रभर ठेवतो, वहिनी सांगतात. ऐकतो. बोलत नाही.

*

 साईनाथने घसा खाकरला. "काका, पण शास्त्रीयदृष्ट्या… कुठलातरी दूरचा सिग्नल, कुणीतरी टवाळखोर…"

"असेल. मला आनंदच होईल."

"मग तुम्हाला काय वाटतं?"

काका उठले. शाल सारखी केली. टेकडीकडे तोंड केलं.

"हॉस्पिटलातल्या त्या पहिल्या सकाळी बद्रीनाथचे कपडे चिखलाने भरले होते, म्हणून मी घरून माझा शर्ट नेला. त्याने स्वेटर काढला, शर्ट काढला, बनियन काढलं. पाठ माझ्याकडे होती. दोन खांद्यांच्या बरोबर मधे पांढरा ठिपका होता, तुरीच्या दाण्याएवढा. मी बोट लावलं तर त्याला कळलंही नाही. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, भाजलंय, आणि वरून दिसतं त्यापेक्षा आत खोलवर. मोठ्या सेटच्या चालू अँटेनाला अंग लागलं की असं भाजतं. माझ्या बोटाला एकदा लागलंय, म्हणून मला लगेच ओळखू आलं. हातातल्या छोट्या सेटने तसं होत नाही, आणि त्याचा सेट तर रात्रभर छातीशी होता."

"मी ते तिन्ही कपडे घरी नेले. उजेडात धरून पाहिले. स्वेटर, शर्ट, बनियन. कुठे भोक नाही, कुठे करपल्याची खूण नाही."

"तो ठिपका अजून आहे. पाठीमागे अगदी टेकून कुणी उभं असेल आणि बोलण्यासाठी सेट तोंडाशी धरला असेल… तर त्याच्या अँटेनाचं टोक जिथे लागेल, तिथे."